ज्येष्ठमधाची पारख: मुळीपासून त्वचेपर्यंत

चेहऱ्याला लावायच्या क्रीम, सीरम आणि फेसवॉशच्या बाटल्यांवर अलीकडे ज्येष्ठमधाचं नाव हमखास दिसतं. कुठे ‘लिकोरिस एक्स्ट्रॅक्ट’ लिहिलेलं असतं, कुठे ‘यष्टिमधु’, तर कुठे नुसतंच मुळीचं चित्र. दावे मात्र सगळीकडे तेच दोन असतात: त्वचा शांत होते आणि त्वचा उजळते. हे दावे खरे आहेत का, एवढं तपासावं म्हणून या पुस्तकाचं काम सुरू झालं. कोणतं ज्येष्ठमध, त्यातला कोणता अंश, कशात काढलेला, किती प्रमाणात, कोणाच्या त्वचेवर, किती आठवडे आणि कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय ‘गुण येतो’ किंवा ‘येत नाही’ यातलं काहीच म्हणता येत नाही, हे काम करताना उमगत गेलं. पुस्तक त्यामुळे वाढलं, आणि त्याला एवढी लांब प्रस्तावनाही लागली.

मराठी घराला ज्येष्ठमध परकं नाही. बाळगुटीत वेखंड, मुरुडशेंग, मायफळ यांच्या जोडीने ते सहाणेवर उगाळलं जातं. गाणारी माणसं मैफलीआधी त्याचा तुकडा दाढेखाली धरतात, विड्यात त्याची पूड पडते, काही घरच्या उटण्यांतही ते असतं. ओळखीच्या वस्तूची पारख करणं जड जातं. आजीने वापरलं, आईने वापरलं, यात मोठा अनुभव साठलेला असतो हे खरं. पण आजी उगाळत होती ती मुळी आणि आज बाटलीत ‘अर्क’ म्हणून येतो तो पदार्थ यांच्यात फारसं काही सारखं उरलेलं नाही. अनुभव मुळीचा आहे आणि विक्री अर्काची चालली आहे.

आधी मुळीकडे पाहू. ज्येष्ठमध हे शेंगवर्गातलं, कोरड्या प्रदेशात वाढणारं बहुवर्षायू झुडूप. त्याची मुळं आणि जमिनीखाली आडवी पसरणारी खोडं औषधात घेतात. भूमध्य समुद्राच्या काठापासून इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया आणि चीनच्या वायव्य भागापर्यंत त्याचं माहेर पसरलं आहे. भारतात लागवडीचे प्रयोग झाले, तरी आपल्या बाजारातला बराचसा माल बाहेरूनच येतो. ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टसने या मुळीची नोंद सिथियन लोकांची मुळी म्हणून केली आहे. जपानमधल्या नारा शहरात शोसोइन नावाचं भांडार आहे. तिथे आठव्या शतकात ठेवलेल्या औषधांमध्ये ज्येष्ठमध आहे, आणि आधुनिक रासायनिक तपासणीत त्यात त्याचं गोड द्रव्य अजून सापडतं. बाराशे वर्षं टिकणारं द्रव्य याच मुळीत आहे, आणि उजेड व उष्णता लागताच खराब होऊ लागणारं द्रव्यही याच मुळीत आहे. पुढे या फरकाशी आपला पुन्हा संबंध येणार आहे.

व्यापारात ज्येष्ठमध म्हणून मुख्यतः तीन जाती फिरतात: ग्लॅब्रा, युरालेन्सिस आणि इन्फ्लाटा. नुसत्या डोळ्यांना त्या सहज वेगळ्या कळत नाहीत, पण त्वचेच्या दृष्टीने त्या तीन निराळ्या वस्तू आहेत. डाग फिकट करण्याबद्दल ज्याचं नाव सर्वाधिक घेतलं जातं ते ग्लॅब्रिडिन ग्लॅब्रा जातीची खूण आहे. लाली कमी करण्यासाठी अभ्यासलं गेलेलं लिकोकॅल्कोन ए इन्फ्लाटामध्ये मिळतं. लेबलवर जातीचं नाव नसेल तर दाव्याला पायाच उरत नाही, असं मी अनुभवाने म्हणतो.

काष्ठौषधीच्या दुकानात गेलात तर एक तुकडा मोडून पाहा. आत फिकट पिवळा, धागेदार छेद दिसतो, आणि आडव्या कापावर मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषा दिसतात. गुंजेचं मूळही गोडसर असतं आणि ज्येष्ठमधाच्या जागी ते खपवलं गेल्याची नोंद जुनीच आहे. अख्खी मुळी असेल तर जाणता माणूस फरक ओळखतो. पूड झाली की नजर थिटी पडते आणि सूक्ष्मदर्शक लागतो. ज्येष्ठमधाच्या धाग्यांना लगटून कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांची रांग असते, हे कोणत्याही वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाहता येतं. पारखीची ही पहिली पायरी स्वस्त आहे, सोपी आहे, आणि तीच सर्वांत जास्त वेळा वगळली जाते.

ज्येष्ठमधाचा त्वचेशी संबंध आपल्याकडे किती जुना आहे हे चरकसंहितेत दिसतं. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात औषधांचे पन्नास गट दिले आहेत, प्रत्येकात दहा द्रव्यं. वर्ण सुधारणाऱ्या द्रव्यांच्या गटात चंदन, वाळा, मंजिष्ठा, सारिवा यांच्यासोबत ज्येष्ठमध येतं. खाज शमवणाऱ्या गटात ते पुन्हा येतं, कडुनिंब, दारुहळद आणि नागरमोथ्याच्या पंगतीत. आजच्या बाटलीवरचे दोन्ही दावे असे एकाच अध्यायात, दोन निरनिराळ्या याद्यांत सापडतात.

त्याच संहितेत आणखी एक जागा आहे, जी सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत कधी येत नाही. इंद्रियस्थानाच्या आरंभी माणसाचे नैसर्गिक वर्ण सांगितले आहेत. त्यांत काळा आहे, सावळा आहे, सावळ्या-गोऱ्याच्या मधला आहे आणि गोराही आहे. विकृत वर्णांची यादी वेगळी दिली आहे, आणि तिच्यात पांढरा रंग येतो. म्हणजे ‘वर्ण्य’ या गटातलं औषध काळ्याला गोरं करण्यासाठी आहे असं त्या ग्रंथाच्या आधाराने म्हणता येत नाही. बिघडलेला वर्ण माणसाच्या स्वतःच्या मूळ वर्णाकडे यावा, एवढीच त्याची अपेक्षा दिसते. या पुस्तकात ‘उजळणं’ हा शब्द आम्ही याच अर्थाने वापरला आहे: वांग फिकट होणं, मुरुमांचे काळे डाग निवणं, चट्टे भोवतालच्या त्वचेशी मिळून येणं. सावळी त्वचा हा आजार नाही, आणि तिच्यावर उपाय शोधणं हे या पुस्तकाचं काम नाही.

ग्रंथाच्या नोंदीला पुरावा म्हणून किती वजन द्यायचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते असायला हवेत. वैद्यांचा एक पक्ष म्हणतो की शतकानुशतकं वापरलेलं द्रव्य आधीच कसोटीला उतरलेलं आहे. माझं मत असं की ग्रंथ कुठे शोधावं ते सांगतात, आणि तेही फार नेमकं सांगतात. किती प्रमाणात, किती दिवसांत, किती जणांत गुण आला हे सांगण्यासाठी ते लिहिलेलेच नाहीत. त्यांच्याकडून ते मागणं हा ग्रंथांवरही अन्याय आहे.

दुसरा पक्ष रसायनशास्त्राचा. ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसिरायझिन या द्रव्यामुळे येते. ते साखरेच्या अनेक पटींनी गोड असतं आणि मुळीत त्याचं प्रमाण चांगलंच असतं. युरोपच्या औषधसंहितेने तर किमान 4 टक्क्यांची अट घातली आहे. ग्लॅब्रिडिन मात्र एक टक्क्याच्याही पुष्कळ खाली असतं. जपानी रसायनशास्त्रज्ञांनी ते 1976 मध्ये वेगळं केलं. ही दोन द्रव्यं एकमेकांपासून किती दूर आहेत हे घरातही पाहता येईल. चमचाभर पूड पाण्यात घालून बाटली हलवा, वर दाट फेस येतो. फेस आणणारं ते ग्लिसिरायझिन, कारण ते साबणासारख्या गुणाच्या द्रव्यांपैकी आहे आणि पाण्यात विरघळतं. ग्लॅब्रिडिन पाण्यात जवळजवळ उतरतच नाही; त्याला अल्कोहोलसारखा द्रावक लागतो. दुधात किंवा गुलाबपाण्यात कालवलेल्या लेपातून आणि दारूत काढलेल्या अर्कातून त्वचेला मिळणारी द्रव्यं म्हणून निराळी असतात. ‘ज्येष्ठमध लावलं’ या दोन शब्दांत हा सगळा फरक बुडून जातो.

रसायनशास्त्राचाच आणखी एक मुद्दा रेणूच्या आकाराचा. त्वचेच्या बाहेरच्या थरातून आत शिरायचं तर रेणू लहान लागतो. सुमारे 500 रेणुभाराची मर्यादा त्वचाविज्ञानात साधारणपणे धरली जाते. ग्लॅब्रिडिनचा रेणुभार सुमारे 324 आहे, ग्लिसिरायझिनचा सुमारे 823. मुळीत भरपूर असलेलं द्रव्य दाराशीच अडतं, आणि आत जाऊ शकणारं द्रव्य मुळीत चिमूटभर, पाण्यात न उतरणारं आणि उजेडात खराब होणारं. ज्येष्ठमधाची क्रीम बनवणाऱ्याची सगळी कसरत एवढ्यात आली.

आता त्वचेकडे वळू, कारण या पुस्तकाचं मुख्य म्हणणं इथे आहे. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत त्यांची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्यांनी बनवलेल्या मेलॅनिनच्या पुड्यांचा आकार, प्रकार आणि वाटप यांत. अशी एक पेशी आजूबाजूच्या सुमारे छत्तीस पेशींना रंग पुरवते. सावळ्या त्वचेतल्या या पेशी दाहाला फार चटकन प्रतिसाद देतात. मुरूम फुटला, डास चावला, थ्रेडिंगनंतर पुरळ आलं, क्रीमने जळजळ झाली की लाली ओसरते आणि मागे काळा डाग राहतो. गोऱ्या त्वचेवर तीच लाली बहुतेक वेळा काही न ठेवता जाते. आपल्याकडे डागांसाठी दवाखान्यात येणाऱ्यांत दाहाचीच खूण घेऊन येणारे पुष्कळ असतात.

म्हणून शमवणं आणि उजळवणं हे बाटलीवर शेजारी छापलेले दोन दावे आपल्या त्वचेपुरते एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत, आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी दाह, मग डाग. जे द्रव्य उजळवण्याच्या नादात त्वचेला झोंबतं ते गव्हाळ-सावळ्या त्वचेवर डाग घालवण्याऐवजी वाढवू शकतं. ज्येष्ठमधाकडे मी गांभीर्याने पाहतो ते याच कारणासाठी. 1998 मध्ये जपानी संशोधकांनी ग्लॅब्रिडिनचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात दोन्ही गोष्टी एकत्र तपासल्या होत्या. गिनीपिगच्या त्वचेवर अतिनील किरणांनी आणलेली लाली आणि काळपटपणा, दोन्ही 0.5 टक्के ग्लॅब्रिडिनने कमी झाले. प्राण्यावरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, पण प्रश्न योग्य विचारला गेला होता.

या क्षेत्रातला सर्वाधिक गोंधळ प्रयोगशाळेतल्या एका सोयीमुळे झाला आहे, म्हणून त्यावर थोडं रेंगाळतो. मेलॅनिन बनण्याच्या वाटेवर टायरोसिनेज हे तांबं असलेलं एन्झाइम कळीचं आहे. एखादं द्रव्य त्याला अडवतं का, हे पाहण्यासाठी जगभर जे टायरोसिनेज वापरलं गेलं ते माणसाचं नव्हे, बाजारात मिळणाऱ्या बटन अळंबीचं. ते स्वस्त आहे, विकत मिळतं, आणि प्रयोगही देखणा आहे: नळीत एन्झाइम आणि त्याला लागणारं डोपा हे कच्चं द्रव्य घातलं की द्राव नारिंगी-तांबूस होत जातो, द्रव्य घातलं की रंग चढायचा थांबतो, आणि यंत्र 475 नॅनोमीटरवर तो आकड्यात सांगतं. वनस्पतींच्या अर्कांवरचे असंख्य शोधनिबंध या एका नळीवर उभे आहेत.

पण अळंबीचं एन्झाइम आणि माणसाचं एन्झाइम यांची घडण वेगळी आहे. 2018 मध्ये जर्मन संशोधकांनी माणसाचं टायरोसिनेज वापरून सुमारे 50 हजार द्रव्यं चाळली. अळंबीच्या एन्झाइमला जोरात अडवणारं कोजिक आम्ल माणसाच्या एन्झाइमपुढे दुबळं ठरलं. रिसॉर्सिनॉलचा सांगाडा असलेली काही द्रव्यं मात्र माणसाच्या एन्झाइमवर उत्तम चालली. ग्लॅब्रिडिनच्या रेणूत तसाच एक तुकडा आहे, ही ज्येष्ठमधाच्या बाजूची गोष्ट. पण आशा आणि पुरावा यांच्यात अजून अंतर आहे. बाटलीवर ‘टायरोसिनेज रोखतं’ असं वाचलं की पहिला प्रश्न पडावा तो हा, की कोणाचं?

नळीनंतर पेशी येतात, आणि त्या बहुधा उंदराच्या कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या असतात. मग प्राणी. भारताने 2014 मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला बंदी घातली, आणि ते बरंच झालं. त्यामुळे माणसांवरच्या नीट आखलेल्या चाचण्यांचं महत्त्व वाढलं आहे. या तिसऱ्या, दवाखान्याच्या पक्षाकडे ज्येष्ठमधाबद्दल काही चांगली कामं आहेत. इराणमध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इसबाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाच्या अर्काचं जेल दोन आठवडे दिलं. लाली, सूज आणि खाज कमी करण्यात 2 टक्क्यांचं जेल 1 टक्क्याच्या जेलपेक्षा सरस ठरलं. इजिप्तमध्ये 2000 साली वांग असलेल्या 20 स्त्रियांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला ज्येष्ठमधातलं लिक्विरिटिन असलेली क्रीम आणि दुसऱ्या बाजूला औषधाविना तीच क्रीम चार आठवडे लावली. बहुतेकींना औषधाच्या बाजूला फरक दिसला.

या चाचण्या वाचायच्या कशा, हे शिकवणं हा या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग आहे. इजिप्तच्या अभ्यासाची बांधणी मला आवडते, कारण तुलना त्याच माणसाच्या दुसऱ्या गालाशी आहे. ऊन, आहार, झोप, हार्मोन सगळं सारखं. पण चार आठवडे म्हणजे बाह्यत्वचेची जेमतेम एक फेरी. वांगासारखा हट्टी आजार त्यानंतर परत येतो का, हे चार आठवड्यांत कळणार नाही. आणि लिक्विरिटिनचा निकाल ग्लॅब्रिडिनच्या क्रीमला उसना देता येत नाही. तसा तो सर्रास दिला जातो.

आणखी एक मुद्दा उन्हाचा. क्रीममध्ये सनस्क्रीन असेल, किंवा चाचणीत सगळ्यांना सनस्क्रीन दिलं असेल, तर डाग नुसत्या त्यानेही फिकट होतात. मे महिन्यात सुरू करून ऑगस्टात संपवलेल्या चाचणीत आपल्याकडे कुठलीही क्रीम यशस्वी ठरेल. पावसाळी ढगांचं श्रेय तिला मिळेल. शिवाय सावळ्या त्वचेला नुसत्या अतिनील किरणांनीच नव्हे, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही काळसरपणा येतो, हे 2010 च्या सुमारास स्पष्ट झालं. साधं पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. लोहाचे ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन अडवतं. कपाळ, दोन गाल आणि हनुवटी यांना वेगवेगळं वजन देऊन वांगाचे गुण मोजण्याची पद्धत, मेलॅनिन आणि लाली वेगवेगळी मोजणारी यंत्रं, एकाच प्रकाशात घेतलेली छायाचित्रं ही साधनं आहेत. पण ती प्रामाणिकपणे वापरली का, हे आकड्यांच्या शेजारी बसून पाहावं लागतं.

‘वनस्पतीचं आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे, आणि ते ऐकून मला दरवेळी काळजी वाटते. जपानमध्ये 2013 मध्ये ऱ्होडोडेनॉल असलेली उजळवणारी प्रसाधनं बाजारातून परत घ्यावी लागली. वनस्पतींत सापडणारं, सरकारी मान्यता मिळालेलं हे द्रव्य होतं. हजारो स्त्रियांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे उठले. द्रव्य टायरोसिनेजला अडवत होतं खरं, पण तेच एन्झाइम त्याचं रूपांतर रंगपेशींना मारणाऱ्या विषात करत होतं. ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. टिकलीच्या मागच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉलमुळे कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो, हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी 1990 मध्ये दाखवून दिलं होतं. त्याच्याही आधी, 1939 मध्ये, अमेरिकेत कातडी कमावण्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांचे हात पांढरे पडले होते, तेही फिनॉलच्याच घराण्यातल्या एका द्रव्यामुळे. अशी द्रव्यं पारखताना उजळवण्याची ताकद आणि पेशी मारण्याची ताकद वेगवेगळी मोजावी लागते. ग्लॅब्रिडिनच्या बाबतीतही ही अट सोडून चालणार नाही.

ज्येष्ठमध पोटात घेण्याचा इतिहास तर फारच शिकवणारा आहे. 1946 मध्ये डच डॉक्टर रेव्हर्स यांनी जठरव्रणासाठी त्याचा अर्क वापरला. व्रण बरे होताना काहींच्या अंगावर सूज आली. पुढे कारण कळलं. ग्लिसिरायझिनपासून शरीरात बनणारं ग्लिसिरेटिनिक आम्ल कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निकामी करणाऱ्या एन्झाइमला अडवतं. मूत्रपिंडं त्यामुळे शरीरात मीठ धरून ठेवतात, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. म्हणून डागांसाठी ज्येष्ठमधाचा काढा महिनोन्‌महिने घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर रक्तदाब असलेल्याने तो मुळीच मानू नये. हीच क्रिया त्वचेत मात्र उपयोगाची ठरते. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ग्लिसिरेटिनिक आम्लाने त्वचेवर हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचा असर वाढवलेला दिसला. ज्येष्ठमधाने लाली का ओसरते, याचं एक उत्तर इथे आहे. ज्या चेहऱ्यावर आधीच स्टेरॉइडची मलमं लागत आहेत तिथे जपून पावलं का टाकायची, याचंही उत्तर इथेच आहे.

आणि असे चेहरे आपल्याकडे थोडे नाहीत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या अनेक केंद्रांत मिळून केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचं आढळलं. कोणी गोरं होण्यासाठी, कोणी मुरुमांसाठी, कोणी शेजारणीने सांगितलं म्हणून. ट्यूब बंद केली की चेहरा लाल होतो, जळतो. मग पुन्हा तीच ट्यूब. या तडाख्यातून बाहेर पडणाऱ्या मुली ‘नैसर्गिक’ असं लिहिलेल्या बाटलीकडे वळतात. त्यांना खोटं सांगितलं जाऊ नये, हे पुस्तक आत्ताच लिहिण्याचं हे सर्वांत मोठं कारण.

दुसरं कारण बाजाराचं. 1975 पासून गोरेपणाची क्रीम विकणाऱ्या एका मोठ्या नाममुद्रेने 2020 मध्ये नावातला गोरेपणा काढला. त्याआधी 2014 मध्ये जाहिरात मानक परिषदेने सावळ्या माणसांना दुःखी, कमी दर्जाचं दाखवू नये अशी नियमावली केली होती. शब्द बदलले, ‘ग्लो’, ‘ब्राइटनिंग’, ‘रेडियन्स’ आले, आणि त्यांच्या आधाराला वनस्पती आल्या. नव्या शब्दांना मोजता येईल असा अर्थ नसतो, हीच अडचण. विवाहाच्या जाहिरातींतली ‘गोरी’ अजून हटलेली नाही, तोवर ‘ब्राइटनिंग’चं दुकान कोणत्या इच्छेवर चालतं हे वेगळं सांगायला नको.

तिसरं कारण अभिमानाचं. 1995 मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखमा भरण्याच्या गुणाचं पेटंट दिलं गेलं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व निबंध पुढे ठेवून ते 1997 मध्ये रद्द करवलं. त्या लढ्याचा मराठी माणसाला रास्त अभिमान आहे. पण तो लढा ‘हे ज्ञान आमच्याकडे आधीपासून होतं’ हे सिद्ध करण्यासाठी होता. एखादं द्रव्य किती गुणकारी आहे, हा प्रश्न निराळा, आणि त्याला कागदपत्रांनी उत्तर मिळत नाही. आपल्या वनस्पतींवर प्रेम असेल तर त्यांना कडक कसोटी लावायला आपणच पुढे यायला हवं.

मुळीचा विचार करताना जमिनीचाही करावा लागतो. रानातलं ज्येष्ठमध खणताना वाळवंटी माती सुटी होते. चीनने 2000 मध्ये या अनिर्बंध खणण्यावर निर्बंध आणले. चिमूटभर ग्लॅब्रिडिनसाठी मुळ्यांचे ढीग लागतात. शेतातला माल की रानातला, हे विचारण्याची सवय आपल्या ग्राहकाला लागलेली नाही. पुस्तकात याला एकच छोटं प्रकरण मिळालं आहे. त्याला अधिक जागा हवी होती असं मला मनापासून वाटतं.

या पुस्तकात वैद्य, वनस्पतिशास्त्रज्ञ, औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापक आणि त्वचारोगतज्ज्ञ यांनी लिहिलं आहे. त्यांचं सगळ्यांचं एकमत झालेलं नाही आणि ते करून घेण्याचा प्रयत्नही केला नाही. अख्ख्या मुळीत अनेक द्रव्यं मिळून काम करतात, एकेक सुटं काढून मोजलं तर गुण निसटतो, असं वैद्यमंडळी म्हणतात. मोजता न येणाऱ्या गोष्टीचा दावा लेबलवर करू नये, असं रसायनवाले म्हणतात. दोन्ही बाजू आपापल्या प्रकरणांत पूर्ण ताकदीने मांडल्या आहेत. मी स्वतः दुसऱ्या बाजूला झुकतो, हे एव्हाना लक्षात आलं असेल. तरी मुळीच्या पाण्याच्या लेपाने दाह शमतो हा वैद्यांचा अनुभव मला झटकून टाकावासा वाटत नाही. त्याची रीतसर चाचणी सहज शक्य आहे.

घरगुती लेपांच्या पाककृती या पुस्तकात मिळणार नाहीत, कोणत्या कंपनीची बाटली घ्यावी हेही मिळणार नाही. वांग, कोड, मुरूम यांचं निदान पुस्तक वाचून करू नये. पांढरा डाग दिसला तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. वाचकाच्या हाती एवढंच यावं अशी इच्छा आहे, की लेबल उलटून जातीचं नाव, अर्काचा प्रकार आणि प्रमाण शोधता यावं, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहण्याचा धीर यावा, आणि ‘चाचणीत सिद्ध’ असं वाचल्यावर कोणती चाचणी, हे विचारता यावं.

शेवटच्या भागात एका अभ्यासाचा आराखडा दिला आहे. गव्हाळ ते सावळ्या त्वचेच्या स्त्री-पुरुषांचे दोन गट. दोघांनाही तेच रंगीत सनस्क्रीन. एकाला जात आणि ग्लॅब्रिडिनचं प्रमाण ठरवलेल्या अर्काची क्रीम, दुसऱ्याला अर्काविना तीच क्रीम. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला दोघांनाही ठाऊक नाही. बारा आठवडे उपचार, त्यानंतर डाग परततात का हे पाहण्यासाठी आणखी बारा आठवडे. आणि निम्म्या लोकांची सुरुवात उन्हाळ्यात, निम्म्यांची पावसाळ्यात. लाली आणि काळपटपणा वेगवेगळा मोजायचा, म्हणजे आधी दाह उतरतो आणि मग डाग, हे आमचं म्हणणं खरं की खोटं तेही कळेल. यासाठी फार महागडी यंत्रं लागत नाहीत. महाराष्ट्रातलं एखादं वैद्यकीय महाविद्यालय शेजारच्या आयुर्वेद महाविद्यालयाला सोबत घेऊन हे करू शकतं. ज्यांना ते करायचं असेल त्यांनी हा आराखडा उचलावा, हवा तसा बदलावा, आणि निकाल आमच्या विरुद्ध गेला तरी प्रसिद्ध करावा.